गोळीचा उतारा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत शरणम्माचा आंबिलीचा ओटा कुठे, असं विचारणारा माणूस पेठेतला नाही हे त्या काळी लगेच कळायचं. पेठेतली माणसं विचारत नसत, वासावर जात. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबलं की त्याला एक वास येतो. नवखा माणूस नाक मुरडतो, आमच्या मात्र तोंडाला पाणी सुटायचं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्या ओट्याच्या बरोबर समोर होतं. त्यामुळे ती बाई, तिचा माठ आणि तिचं तोंड या तिन्हींशी माझा रोजचा संबंध. माठ थंड होता, तोंड नव्हतं.

हल्ली माझी सून मला सकाळी एक इवलीशी बाटली देते. म्हणते, "मामंजी, यात चांगले जंतू असतात, पोटाला बरे." मी मुकाट्यानं पितो. गोड लागतं, वाईट नाही. सुनेशी वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही आणि ती पोर प्रेमानं देते. पण त्या बाटलीवरचा मजकूर चष्मा लावून वाचला की माझं डोकं फिरतं. पोट सुधारेल, शक्ती वाढेल, यंव होईल नि त्यंव होईल. अरे, घोटभर तर आहे. मला औषधाचा राग नाही, औषधाच्या बढाईचा आहे. आणि तो राग मला शरणम्मानं लावला. आपल्या हातच्या पेयाचं लोक वाजवीपेक्षा जास्त कौतुक करतात म्हणून लोकांशी भांडलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

शरणम्मा मंगळवेढ्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा माहेरहून ज्वारीचं पोतं आणि आंबवणीचं गाडगं घेऊन आली, असं ती अभिमानानं सांगायची. आंबवण म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबट पिठातलं मागे ठेवलेलं थोडंसं, दुधाला जसं विरजण तसं. उंच, काळीसावळी बाई, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की हाक मला मारली तर चौकातला टांग्याचा घोडा थांबायचा. नवरा तिप्पण्णा आडत बाजारात हमाल. मूलबाळ नव्हतं. दोघं भांडायची कानडीत आणि समेट करायची मराठीत. शेजाऱ्यांना निदान भांडण मिटल्याचं तरी कळावं, असा त्यामागे विचार असावा.

रात्री पीठ ताकात कालवून त्यात आंबवण घालायची, पहाटे ते उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालायचा आणि निवल्यावर माठात ओतायचं. देताना वर ताकाची धार आणि हातावर कांद्याची फोड. बारा महिने हेच. गिरणीचा भोंगा झाला की ओट्यापुढे गर्दी. गिरणीवाले, हमाल, टांगेवाले, विड्या वळणाऱ्या बायका, माग चालवणारे तेलुगू लोक. बोलायचे सगळे आपापल्या भाषेत, शिव्या मात्र सगळ्यांना शरणम्माच्या मराठीत मिळायच्या. वाटी उष्टी ठेवली तर शिवी, गर्दीत घुसला तर शिवी, आणि आंबील आवडली नाही असं कुणी म्हणालाच तर त्याच्या सासरचासुद्धा उद्धार. तिनं चांगलं म्हटलेलं माणूस पेठेत शोधावं लागलं असतं. पण दुपारी कुणी दमून ओट्यावर टेकलेला दिसला की न मागता वाटी पुढे यायची. मीही सायकलची सीट शिवता शिवता ऊन डोक्यात गेल्यासारखा बसलो की समोरून हाक यायची, "सिद्धनाथा, मरशील की रं, ये हिकडं." मी उठून जायचो. तसं प्रेमानं मर म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

उतारा हा शब्द तिच्या आंबिलीला चिकटला तो पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. शेजारी बसलिंगप्पाचं किराणा दुकान होतं. फळीवर काचेच्या बरण्या, एकीत पेपरमिंट, एकीत लिमलेटच्या गोळ्या आणि तिसरीत अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्या, सुट्या. त्या काळी असंच चालायचं. डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला? माणूस कामावरून यायचा, बसलिंगप्पाकडे गोळी मागायचा आणि लिमलेट टाकावी तशी तोंडात टाकायचा.

असाच एक मागवाला उपाशीपोटी गोळी घेऊन शरणम्माच्या ओट्यावर पोट धरून बसला. आत आग पडलीय म्हणाला. शरणम्मानं त्याला झाडला, "रिकाम्या पोटी गोळी गिळतोस व्हय रं शाण्या? वर वाटीभर आंबील पी." तो प्यायला. त्याला बरं वाटलं. यात चुकीचं काहीच नव्हतं, कुठल्याही घरातल्या बाईनं हेच सांगितलं असतं. पण बसलिंगप्पानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो गोळी देताना गिऱ्हाइकाला सांगू लागला, "गोळी माज्याकडं, उतारा शेजारी."

आता उतारा म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विंचू चावला, उतारा पाहिजे. भांग चढली, उतारा पाहिजे. चढलेलं जे खाली आणतं ते. बसलिंगप्पानं तो शब्द सहज वापरला, पण पेठेनं तो उचलून धरला. गोळी उष्ण, आंबील थंड, तेव्हा गोळीनं अंगात जे काही वाईट जाईल ते आंबील उतरवणार, हे सगळ्यांना आपोआप पटलं. मग एका गोळीऐवजी दोन घेतल्या तर काय बिघडलं? वर दोन वाट्या प्या. पुढे पुढे टेंभुर्णीहून एस्टीनं माल घेऊन येणारे व्यापारीही विचारत यायचे, उतारेवाली बाई कुठं बसते?

शरणम्माला ते आवडलं. तोवर पेठेत ती तिप्पण्णाची बायको होती, नाहीतर ती कानडीण. आता तिला स्वतःचं नाव मिळालं होतं. कुणी उतारा मागितला की ती वरवर खेकसायची, पण वाटी जरा जास्त भरायची. आणि तिच्याहून जास्त आवडलं ते तिप्पण्णाला.

तिप्पण्णा हा फार मऊ माणूस. बायकोपुढे ब्र काढायचा नाही आणि बायकोच्या मागे तिच्याशिवाय दुसरा विषय काढायचा नाही. त्याच उन्हाळ्यात आडतीत ज्वारीचं पोतं पाठीवर घेताना त्याचा पाय घसरला आणि कंबर धरली. चार दिवस घरी बसला असता तर बरी झाली असती, पण हमालाला घरी कोण बसवतो? तो गोळ्या घेऊ लागला. सकाळी पोती उचलायच्या आधी, दुपारी, मग रात्री झोप लागावी म्हणून. बरोबरचे हमाल म्हणायचे, जरा दमानं घे. तर हा हसून म्हणायचा, "मला कशाचं भ्या? माज्या घरातच उतारा हाय की." ओट्यावर सगळ्यांच्या देखत गोळी टाकायचा, वर आंबील घटाघटा प्यायचा आणि मिशी पुसत चारचौघांकडे बघायचा. बायकोचं कौतुक करायची त्याची रीतच ती झाली. दुसरा नवरा लुगडं आणतो, हा गोळी गिळायचा.

शरणम्मा त्याला रागावायची ती कामावर जातो म्हणून. गोळीबद्दल ती काही बोलत नसे. उतारा तीच तर देत होती.

पावसाळा तोंडावर आला आणि तिप्पण्णाचं जेवण सुटलं. भाकरी पुढे आली की तोंड फिरवायचा. ओकाऱ्या सुरू झाल्या. शरणम्माला वाटलं, गोळ्यांची उष्णता साचली, म्हणून तिनं आंबील वाढवली. एका सकाळी मी दुकान उघडत होतो तर तिची हाक आली. नेहमीची नव्हती. आवाज बारीक होता. मी रस्ता ओलांडून गेलो. तिप्पण्णा ओट्याला टेकून बसला होता आणि त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कातडीसुद्धा पिवळी. मला बघून ओळखलं, पण बोलताना जीभ जड झाली होती.

"सिद्धनाथा," शरणम्मा म्हणाली, "आंबील पोटात ठरंना रं ह्यांच्या."

कावीळ झाली हे कुणालाही दिसत होतं. एकजण म्हणाला काविळीची माळ घाला, एकजण म्हणाला हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या. मी तसा तापट माणूस, मी सगळ्यांना बाजूला सारलं, टांगा थांबवला आणि नवराबायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. वाटभर शरणम्मा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन कानडीत काहीतरी पुटपुटत होती. मला एवढंच कळलं की ती देवाशीही भांडत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, चेहऱ्यावरून दमलेले. त्यांनी तिप्पण्णाला तपासलं, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "काही गोळ्या घेत होते का?"

"अंगदुकीच्या," शरणम्मा म्हणाली.

"किती?"

"दुकलं की."

"दुखलं की म्हणजे?"

"सकाळी पोती उचलायच्या आधी, दुपारी, रात्री. आन् मधी दुकलं की मधी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, गोळ्यांनी यकृताला मार बसलाय. यकृत म्हणजे काय ते तिला कळेना. लिव्हर म्हणाले, तेही कळेना. शेवटी त्यांनी आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि म्हणाले, काळीज. खाटकाकडे जे काळीज म्हणून मिळतं ते. लिंगायत बाईला खाटकाचं उदाहरण दिलं म्हणून एरवी त्यांची खैर नव्हती. "वाचतील न्हवं?" एवढंच तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आज काहीच सांगता येत नाही, वाट बघायची.

इथे एक गंमत घडली, ती सांगायलाच हवी. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं, पुढे मात्र आम्ही पोट धरून हसलो. दारापाशी थांबून हे ऐकलेला टांगेवाला पेठेत परत गेला आणि त्यानं चौकात सांगितलं, गोळीनं तिप्पण्णाचं काळीज गेलं. चौकातून मंडईत जाईपर्यंत त्याचं झालं, तिप्पण्णाच्या काळजाला गोळी लागली. आडतीतले हमाल पोती टाकून दवाखान्याकडे धावले. चौकीतला हवालदार सायकलवर टांग मारून पेठेत आला आणि ज्याला त्याला विचारू लागला, गोळी कुणी दिली? बसलिंगप्पा इतका टरकला की बरणी त्यानं पिठाच्या पोत्यामागे लपवली आणि स्वतः देवघरात जाऊन बसला. हवालदाराला वाटलं, ह्याच्याकडेच बंदूक आहे. त्यानं घराची झडती घेतली. बंदूक सापडली नाही, गोळ्या सापडल्या. सगळा उलगडा झाल्यावर हवालदारानं कपाळाला हात लावला, आणि जाताना त्यातल्या दोन गोळ्या मागून नेल्या. त्याचीही पाठ दुखत होती.

तिकडे शरणम्मा दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. हमाल आले, बसले, गेले. दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती उठली आणि मनात घोळत असलेला प्रश्न तिनं विचारला.

"पर सायेब, ह्ये दर गोळीवर आंबील पीत हुते की. मग कसं काय?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना सगळं समजावलं, ओटा, बसलिंगप्पा, उतारा. ते हसतील या भीतीनं माझ्या मुठी आवळल्या होत्या. पण ते हसले नाहीत. भला माणूस होता. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश म्हणाले, "आक्का, आंबील चांगलीच. पोटाला बरी. पण गोळी पोटात थांबत नाही. ती रक्तातून काळजाकडं जाते आणि तिला निस्तरायचं काम काळजाला करावं लागतं. झेपेल त्याच्यापेक्षा जास्त गोळ्या गेल्या की तेच आजारी पडतं. तिथं आंबील काही करू शकत नाही. ताक नाही, दूध नाही, काहीच नाही. गोळी कमी घेणं, हाच उतारा."

"आन् पोटात आग पडती ती?"

"ती आंबिलीनं कमी होत असेल."

शरणम्मा म्हणाली, "म्हंजी आंबील नसती तर ह्यांच्या पोटात आग पडली असती. आन् आग पडली असती तर ह्ये थांबले असते."

डॉक्टर म्हणाले, कदाचित थांबले असते, पण चूक आंबिलीची नाही, चूक गोळ्यांच्या संख्येची आहे. हे पुढचं तिच्या कानापर्यंत गेलंच नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या बाईला कुणापुढे मान खाली घालताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. मी चहा आणायच्या निमित्तानं उठून गेलो.

तिप्पण्णा वाचला. त्याचं नशीब थोर. मधले काही दिवस डॉक्टर नजरेला नजर देत नव्हते आणि शरणम्मा त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला तरी उभी राहायची. मग हळूहळू तो शुद्धीवर आला, पाणी मागू लागला, पेज जिरू लागली, डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की आता या गोळीला हात लावायचा नाही, कंबर कितीही दुखली तरी. दुसऱ्या वेळी काळीज साथ देणार नाही. आणि हमाली बंद. एकदा बरं वाटलं की आंबील खुशाल प्या, असंही ते हसून म्हणाले. शरणम्मा हसली नाही.

टांगा पेठेत शिरला तेव्हा लोक ओट्यापुढे जमले होते. कुणी हार आणला होता. आणि जो तो एकच बोलत होता, बघा, दुसरा असता तर गेला असता, पण पोटात आंबील होती म्हणून तिप्पण्णा वाचला. बसलिंगप्पानं तर आपल्या दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून टाकलं होतं, गोळीचा उतारा शेजारी मिळेल. बिचाऱ्याला वाटलं, शरणम्मा खूश होईल.

शरणम्मानं नवऱ्याला आत निजवलं, बाहेर आली, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि ती फळी पुसून काढली.

"इल्ला," ती म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "न्हाय. आंबिलीनं वाचवलं न्हाय ह्यांला. गोळ्या थांबल्या म्हणून वाचले. ही उतारा न्हाय, आंबील हाय. तान लागली तर प्या, भूक लागली तर प्या. पुन्यांदा उतारा म्हनलं तर वाटी मिळायची न्हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई दमलीय, बोलेल तसं. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीन रीत काढली. वाटी देण्याआधी म्हणायची, "मूठ उघड." मुठीत गोळी दिसली की वाटी मागे. भाकरी खा आणि गोळी घे, एकच घे, किंवा डॉक्टरकडे जा, पण माझ्या आंबिलीवर नको. लोक चिडले. उद्योग बुडवतेस का म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. टेंभुर्णीचे व्यापारी येईनासे झाले. काही बिलंदर गोळी आधीच गालात धरून यायचे, तर ती "आ कर" म्हणायची. आंबील प्यायला आलेल्या बाप्यांना तोंड उघडून उभं केलेलं बघताना माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं हसून लोळायची. मी त्यांना दटावायचो आणि पाठ फिरवून स्वतः हसायचो. पण खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटायचा. मिळालेलं नाव आपल्या हातानं पुसायला मोठी छाती लागते. माझ्यात ती नव्हती, पेठेत कुणातच नव्हती.

बसलिंगप्पा काही दिवस फुगून होता. मग तोही निवळला. गोळ्यांची बरणी त्यानं आतल्या फळीवर ठेवली आणि मागणाऱ्याला विचारू लागला, सकाळपासून किती झाल्या? त्या हवालदारानं त्याला जन्माची अद्दल घडवली होती.

पण तिप्पण्णाची कंबर काही बरी झाली नाही. आता तो ओट्यावर बसून वाट्या विसळायचा, कांदे सोलायचा. मधेच उठताना भिंत धरायचा, ओठ दाबायचा. शरणम्माला दिसत असे, ती तिकडे बघत नसे.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली दुपार. पाण्याची घागर उचलताना तिप्पण्णाच्या कंबरेत कळ आली आणि तो तिथेच बसला. शरणम्मानं त्याला उठवून ओट्यावर टेकवलं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती गुंतली आणि तेवढ्यात तो काठी टेकत कुठेतरी गेला. मी पंक्चर काढत होतो, मला वाटलं, पाय मोकळे करायला गेला असेल. बऱ्याच वेळानं परत आला, पण ओट्यावर आपल्या जागी बसला नाही. गिऱ्हाइकांच्या ओळीत उभा राहिला. पाळी आल्यावर त्यानं डावा हात पुढे केला. उजव्या हाताची मूठ बंद होती.

शरणम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. "मूठ उघडा," ती म्हणाली.

त्यानं उघडली. दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीतून आणलेली पांढरी गोळी होती.

"लई दुकतंय गं," तो म्हणाला. चेहरा घामानं भिजला होता. "एकच घेतो. तू वरनं आंबील दे, उतरंल की."

दवाखान्यातून मरणाच्या दारातून परत आला, बायकोनं वर्षभर साऱ्या पेठेला ओरडून सांगितलं, आणि ते एकाच माणसाला पटलं नव्हतं. तिच्या आंबिलीवर त्याचा तेवढा विश्वास होता. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

शरणम्मा ओरडली नाही. तिनं माठाच्या काठाला दोन्ही हात घातले, माठ ओट्याच्या कडेपर्यंत ओढला आणि आडवा केला. भरलेला माठ होता. आंबील ओट्यावरून खाली गटारात वाहायला लागली. भाताचं एक शीत सांडलं तर उचलून डोळ्याला लावणारी ती बाई. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं माठ धरून ठेवला.

"आता उतारा न्हाय," ती म्हणाली. "घ्या गोळी."

तिप्पण्णा हातातल्या गोळीकडे बघत राहिला, मग त्या वाहत्या आंबिलीकडे. त्यानं तळहात तिरका केला आणि गोळी गटारात पडली. तसा तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी आणि एका टांगेवाल्यानं त्याला उचलून आत नेलं, पालथं निजवलं. गिऱ्हाइकं आपापल्या वाटेनं गेली. शरणम्मानं चुलीवर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि त्याच्या कमरेशी बसून शेकायला लागली. शेकता शेकता तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. माझ्यासमोर लपवावं असंही तिला वाटलं नसावं.

वाळूची पुरचुंडी दुसऱ्या बाजूला सरकवत तिनं विचारलं, "दुकतंय व्हय?"

"लई दुकतंय," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"दुकू द्या," शरणम्मा म्हणाली. "दुकतंय तवर तुमी हायसा."